ओसरीवरून : व्याख्यानाआधींचें पान

गेल्या अंकांत पाठांतराविषयीं आम्हीं जें लिहिलें त्यावर कित्येक वाचकांचीं पत्रें आलीं. त्यांपैकीं निवडक पत्रांस पुढच्या खेपेस उत्तर देऊं. या महिन्याचा विषय ओसरीस अगदींच नवखा आहे, आणि तो आम्हीं होऊन निवडलेला नाहीं. घरच्याच एका पाहुणीनें तो आमच्या पुढ्यांत आणून ठेवला.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें काम करते. दोन दिवाळ्यांमागें ती आमच्याकडे आली असतां फराळ झाल्यावर एक कागद पुढें करून म्हणाली, "काका, एवढें वाचून पाहा. माझें प्रपोजल आहे. मागच्या वर्षीं असेंच एक पाठविलें होतें, तें परत आलें; कां परत आलें तें कोणी सांगितलें नाहीं." आम्हीं म्हटलें, "अग, संगणकाचा आणि या म्हाताऱ्याचा काय संबंध?" त्यावर तिनें उत्तर दिलें कीं, तुम्हांस कळत नाहीं म्हणूनच तुमच्याकडे आणलें, ज्यांना कळतें ते न वाचतांच मान डोलावतात.

हें प्रपोजल म्हणजे काय प्रकरण आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. संगणकास काम सांगण्यासाठीं ज्या कृत्रिम भाषा निघाल्या आहेत त्यांत 'पायथॉन' नांवाची एक फार लोकप्रिय आहे. ग्वीडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें ती रचून १९९१ सालीं लोकांपुढें ठेवली. नांव अजगराचें दिसलें तरी तें त्यानें 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी नटमंडळीवरून घेतलें. ही भाषा वापरणारांच्या परिषदा देशोदेशीं भरतात व त्यांस 'पायकॉन' म्हणतात. अमेरिकेंत ती २००३ पासून भरते. आपल्या देशांत २००९ सालीं बंगलोरास प्रथम भरली आणि २०११ सालीं पुण्यास. याच धर्तीच्या लहानमोठ्या परिषदा आतां पुष्कळ झाल्या आहेत. आपल्या साहित्यसंमेलनांत वक्ते बहुधा निमंत्रणानें येतात. येथें कांहीं थोडे प्रमुख वक्ते सोडले तर बाकीच्यांनीं कित्येक महिने आधीं आपण काय बोलणार तें पान-दीड पानांत लिहून पाठवावयाचें असतें: व्याख्यानाचें नांव, चार ओळींचा सारांश, कोणत्या मुद्द्यास किती मिनिटें याचें टांचण, श्रोता कोण, त्यास आधीं काय ठाऊक असावें, आणि उठून जातांना त्याच्या पदरांत काय पडेल. वेळ बहुधा अर्ध्या तासाची. परीक्षक म्हणून त्याच पेशांतले लोक विनावेतन बसतात, रात्रीं जागून वाचतात, आणि आलेल्या आवेदनांपैकीं बरींचशीं त्यांना नाकारावीं लागतात, कारण दोन दिवसांत दालनें आणि तास असतील तितकेच असतात.

मुलीच्या कागदावरचें नांव होतें, 'बहुभाषिक मजकुराच्या प्रक्रियेंतील आव्हानें आणि उपाययोजना.' इंग्रजींत तें याहूनही भारदस्त दिसत होतें. खालीं नऊ वाक्यें. पहिल्या तिहींत जग किती जवळ आलें आहे याचें वर्णन, पुढच्या चोहोंत लिपिसंकेतांचा इतिहास, आणि शेवटच्या दोहोंत श्रोत्यांस या विषयाचे विविध पैलू समजतील असें आश्वासन. व्याकरणाची चूक एक नाहीं. परंतु दोनदां वाचूनही ही मुलगी उभी राहून काय बोलणार आहे याचा आम्हांस बोध होईना. आम्हीं उभा जन्म निबंधांच्या वह्या तपासण्यांत घालविला आहे. असा निबंध हातीं आला कीं आम्ही ओळखतों, लिहिणाराजवळ सांगण्यासारखें कांहींतरी आहे, पण तें सांगण्याचा त्यास संकोच वाटतो आहे.

म्हणून कागद बाजूस ठेवला, आणि चहा आला तसें तिला विचारलें, "हा उद्योग तुला सुचला कोठून?" तेव्हां ती सांगूं लागली. तिच्या आजोळच्या आजींस एका रुग्णालयांत तपासणीसाठीं नेलें होतें. आजींचें नांव लक्ष्मी. तेथल्या नोंदणीच्या संगणकांत रोग्याच्या नांवास ठराविक जागा. आडनांव आधीं, मग नांव. जागा संपली तेथें नांव कापलें गेलें, आणि चिठ्ठीवर आडनांवापुढें नुसतें 'लक्ष्' छापून आलें, ष चा पाय मोडलेला. पुकारणारी मुलगी तीन वेळां "लक्ष, लक्ष" म्हणून ओरडली. कोणा मुलाचें नांव असेल असें समजून आजी बसून राहिल्या आणि त्यांचा नंबर निघून गेला. रक्त द्यावयाचें म्हणून उपाशीं आलेल्या त्या म्हाताऱ्या बाई आणखी दोन तास तशाच बसल्या.

"मग हें या कागदावर कां नाहीं?"

"अहो काका, तें घरगुती आहे. तेथें मोठमोठे लोक येतात."

येथें आमच्या मुळच्या विद्येचा उपयोग झाला. आपल्या शास्त्रकारांची एक जुनी रीत आहे कीं, ग्रंथाच्या आरंभींच चार गोष्टी सांगून टाकाव्या: विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. सदानंदांचा 'वेदान्तसार' उघडला तर पहिल्या कांहीं पानांतच त्यांची गांठ पडते. पतंजलींस व्याकरणावर एवढें प्रचंड महाभाष्य लिहावयाचें होतें, तरी व्याकरण शिकावें कां याचीं पांच मुख्य प्रयोजनें त्यांनींही आरंभींच मोजून दाखविलीं. अधिकारी म्हणजे येथें कोणी अंमलदार नव्हे. ज्याच्यासाठीं ग्रंथ आहे, आणि तो समजण्याइतकी ज्याची तयारी आहे, तो. परिषदेच्या त्या कागदावर जे रकाने होते ते आम्हीं चष्मा लावून पुन्हां पाहिले, तों मिनिटांचें टांचण वगळलें तर हेच ते चार! मग एकेक रकाना आम्हीं तिला तोंडीं विचारला.

विषय तिनें लागलाच सांगितला. अधिकारी कोण म्हणतांच म्हणाली, "सगळेच."

"सगळे कसे? देवनागरी ज्यास वाचतां येत नाहीं असा एखादा तामिळ मुलगा तुझ्यापुढें येऊन बसला, तर त्यास तुझ्या आजीच्या गोष्टीचा काय उपयोग?"

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली कीं उपयोग आहे. तामिळांतही असेंच होतें, थाई भाषेंतही होतें, आणि ज्याच्या आज्ञावलींत नांव लिहिण्याचा रकाना आहे अशा कोणाच्याही हातून ही चूक होऊं शकते. आम्हीं म्हटलें, "मग हेंच लिही. ज्यानें कधीं नांवाचा रकाना तयार केला आहे, तो अधिकारी."

प्रयोजनाच्या वेळीं तिनें आमचीच परीक्षा घेतली. 'लक्ष्मी' या शब्दांत अक्षरें किती? आम्हीं सांगितलें कीं बालवर्गांतला मुलगा दोन म्हणेल, ल आणि क्ष्मी. वैयाकरण वर्ण मोजील आणि सहा म्हणेल, ल्, अ, क्, ष्, म्, ई. "आणि पायथॉन सात म्हणतो," ती म्हणाली. तें असें. युनिकोड नांवाच्या जागतिक संकेतांत प्रत्येक चिन्हास एक क्रमांक दिलेला असतो. देवनागरी त्यांत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ल, क, ष, म हीं चार व्यंजनें, पाय मोडण्याचीं दोन चिन्हें, आणि एक दीर्घ वेलांटी, मिळून सात. पायथॉनास शब्दाची लांबी विचारली कीं तो हे क्रमांक मोजतो. पांचावर कापलें कीं 'लक्ष्' उरतें. माणसाच्या डोळ्यांस जें एक अक्षर दिसतें त्याप्रमाणें गट पाडण्याचे नियमही युनिकोडवाल्यांनीं केलेले आहेत, पण त्या नियमांनीं कित्येक वर्षें लक्ष्मीचीं चार शकलें होत असत: ल, क्, ष् आणि मी. जोडाक्षर फोडूं नये हा नियम २०२३ च्या सप्टेंबरांत निघालेल्या १५.१ या आवृत्तींत आला, तेव्हां कोठें बालवर्गांतल्या मुलाचें उत्तर त्या शास्त्रांत बरोबर ठरलें. हें ऐकून आम्हांस जें हंसूं आलें तें बराच वेळ आवरेना. घरांतल्या मंडळींना वाटलें, चकली घशांत अडकली.

दुसऱ्या दिवशीं तिनें नवें आवेदन लिहिलें. नांव, 'लक्ष्मीचीं अक्षरें किती?' आरंभीं रुग्णालयाची हकीकत तीन वाक्यांत, कोणाचाही उल्लेख न करतां. मग मिनिटें: हकीकतीस तीन, दोन, सहा, सात या मोजणीस सात, नांव कापणारी चुकीची आज्ञावली आणि बरोबर आज्ञावली शेजारीं शेजारीं ठेवून दाखविण्यास दहा, जुन्या नोंदींत हा दोष कसा हुडकावा यास पांच, श्रोत्यांच्या प्रश्नांस पांच. बेरीज तीस. इतिहासाचीं चार वाक्यें तिनें स्वतः काढलीं. जग जवळ आल्याचीं तीन आम्हांस काढावीं लागलीं, कारण तिच्या हातून तीं सुटेनात. आवेदन स्वीकारलें गेलें, व्याख्यान झालें, आणि नंतर दोन अनोळखी माणसांनीं आपापल्या कचेरींतल्या नोंदी तपासून तिला कळविलें कीं, पाय मोडलेलीं नांवें आमच्याकडेही सांपडलीं.

ही कथा येथेंच संपली असती तर ती आम्हीं वाचकांस सांगितली नसती. यंदा त्याच परिषदेनें आमच्या पुतणीस परीक्षक नेमलें. एके रात्रीं तिनें दूरध्वनीवर आपले शेरे वाचून दाखविले. एकावर होतें 'अस्पष्ट', दुसऱ्यावर 'नवीन कांहीं नाहीं', तिसऱ्यावर पुन्हां 'अस्पष्ट'. गेल्या खेपेस आपणांस कोणी कारण सांगितलें नाहीं म्हणून हळहळणारी मुलगी ती हीच! आम्ही तिला बोललों नाहीं, कारण बोलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्याचें कारण आतां सांगतों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं तालुक्याच्या एका गांवीं शालेय निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हांस बोलाविलें होतें. 'आमची विहीर' या विषयावर नववींतल्या एका मुलानें आठ पानें लिहिलीं होतीं. निबंध विहिरीच्या पायऱ्यांपासून निघून आजोबांच्या भांडणांत शिरत होता आणि कोर्टांत संपत होता. वह्यांचा ढीग मोठा, एस. टी. ची वेळ झालेली. आम्हीं लाल शाईनें एकच शब्द लिहिला, 'असंबद्ध', आणि पुढची वही ओढली. पुढें कितीएक वर्षांनीं बियाण्यांच्या एका दुकानांत मालकानें आम्हांस ओळखलें, पाया पडला, आणि आपल्या मुलास हांक मारून म्हणाला, "या गुरुजींनीं मला असंबद्ध हा शब्द शिकविला." तो हंसत म्हणाला. पावती लिहितांना त्याचें वळणदार अक्षर आम्हीं पाहिलें. त्यानंतर कधीं कांहीं लिहिलेंस का, असें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आतां आठवूं जातां वाटतें कीं त्या आठ पानांत दोन भावांच्या वांटणीची सबंध हकीकत होती, आणि विहिरीपासून कोर्टापर्यंतची वाट वाचकास दाखव, एवढेंच त्या मुलास सांगावयास हवें होतें. चार अनुबंधांपैकीं फक्त संबंध तेवढा राहिला होता.

हा प्रसंग आम्हीं मुलीस सांगितला. तिनेंही मग आपल्या पेशांतल्या कांहीं गोष्टी सांगितल्या, त्या येथें देण्याजोग्या आहेत. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें मार्च १९८९ मध्यें जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत माहितीच्या व्यवस्थेविषयीं एक टिपण वरिष्ठांस सादर केलें. आज ज्या विश्वव्यापी जाळ्यावर बँकेपासून पंचांगापर्यंत सारें चालतें त्याचें तें मूळ. वरिष्ठ माइक सेंडॉल यांनीं त्याच्या पहिल्या पानावर तीन शब्दांचा शेरा लिहिला, त्याचा भाव असा कीं, आहे मोघम, पण मन वेधणारें. पुढच्या वर्षीं प्रयोगासाठीं एक नवा संगणक घेण्यास त्यांनींच मुभा दिली. याच्या उलट, १९९१ सालीं टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथें नेमक्या याच विषयाच्या तज्ज्ञांची परिषद भरली असतां तिनें बर्नर्स-ली यांचा निबंध नाकारला आणि नुसतें प्रात्यक्षिक दाखविण्यास जागा दिली. सेंडॉल यांच्या शेऱ्यांत उणेपणाही सांगितलेला आहे आणि गुणही. आमच्या 'असंबद्ध' मध्यें दुसरा अर्धा नव्हता.

परीक्षकांच्या निर्णयावर किती भरंवसा ठेवावा याचा तर २०१४ सालीं प्रयोगच झाला. यंत्रांस शिकविण्याच्या शास्त्राची एक मोठी परिषद आहे; तिला त्या वेळीं 'निप्स' म्हणत. तिनें आलेल्या निबंधांपैकीं १६६ निबंध दोन स्वतंत्र मंडळांकडे तपासावयास दिले. ४३ निबंधांविषयीं दोहोंचे निर्णय परस्परविरुद्ध निघाले. एका मंडळानें पसंत केलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक दुसऱ्यानें नापसंत केले होते. हे पुरते निबंध होते. एका पानाच्या आवेदनावरून चूक व्हावयास आणखीच जागा. ज्यांचीं आवेदनें परत येतात त्यांनीं हा आंकडा जवळ ठेवावा, आणि जे परत पाठवितात त्यांनीं तर भिंतीवर टांगावा.

नांव पाहून निवड करावी कीं गुण पाहून, हा वाद मात्र फार जुना. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत सूत्रधाराचा सहकारी विचारतो कीं, भास, सौमिल्ल, कविपुत्र असे नामांकित नाटककार असतां या हयात कालिदासाच्या नाटकास एवढा मान कां? म्हणजे कालिदासासही एकदां नवखा वक्ता म्हणून परीक्षकांपुढें उभें राहावें लागलें. यावर उपाय म्हणून कित्येक परिषदा पहिल्या फेरींत आवेदनावरचीं नांवें झांकून ठेवतात. रीत चांगली, पण ज्यानें आवेदनच पाठविलें नाहीं त्याचें नांव झांकून काय होणार? अमेरिकेच्या पायकॉनमध्यें २०११ सालीं स्त्रियांचीं व्याख्यानें शेंकडा एक होतीं. जेसिका मॅकेलर या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकेकीस गांठून आवेदन पाठविण्याचा आग्रह धरला, आणि २०१६ सालीं तें प्रमाण शेंकडा चाळीस झालें.

झांकलेल्या नांवाआडूनही एक गोष्ट दिसतेच, ती म्हणजे लिहिणाराचें इंग्रजी. मराठी शाळेंतून वर आलेल्या मुलाचें वाक्य अडखळतें, क्रियापद चुकतें, आणि दमलेला परीक्षक समजतो कीं विचारच अडखळतो आहे. आमच्या पुतणीच्या पहिल्या आवेदनांत एक चूक नव्हती आणि आशयही नव्हता, हें तिनें स्वतःच अनुभविलें होतें. आम्हीं तिला एवढेंच विचारलें कीं, ज्यांवर 'अस्पष्ट' लिहिलेंस त्यांत भाषा अस्पष्ट कीं विषय? तिनें तीं दोन्ही पुन्हां वाचलीं. एकांत खरोखरच कांहीं नव्हतें. दुसरें, बाजारसमितींतल्या कापसाचे रोजचे भाव गोळा करून त्यांचा आलेख काढणाऱ्या कोणा विद्यार्थ्याचें होतें.

मग ती दुसऱ्या टोंकास गेली. शेऱ्याच्या जागीं तिनें त्या मुलाचें सबंध आवेदन नवें लिहून काढलें, नांवासकट, आणि आम्हांस अभिमानानें ऐकविलें. फारच सुरेख होतें. आम्हीं विचारलें, "हें व्याख्यान आतां तो देणार कीं तूं?" पलीकडे कांहीं वेळ शांतता झाली. मास्तरांचा हा रोग आम्हांस चांगला ठाऊक आहे. मुलाच्या वहींत आपलाच निबंध लिहून त्याला पैकीच्या पैकीं गुण देणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. अखेर तिनें तें सारें पुसलें आणि साधा शेरा लिहिला. आपणांस काय समजलें तें एका वाक्यांत, कशामुळें होकार देतां येत नाहीं तें दुसऱ्यांत, आणि पुढें तीन प्रश्न: भाव कोठून घेतां? एखाद्या दिवशीं ते मिळाले नाहींत तर तुमची आज्ञावली काय करते? आणि तुमचा आलेख पाहून कोणा शेतकऱ्यानें कांहीं वेगळें केलें आहे का?

परिषदेच्या नियमाप्रमाणें मुदत संपेपर्यंत आवेदन सुधारून पाठवितां येतें. चार दिवसांनीं मुलीचा पुन्हां फोन आला. त्या विद्यार्थ्यानें तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें लिहिलीं होतीं. तिसऱ्याचें उत्तर असें कीं, आलेख पाहून त्याच्या वडिलांनीं एकदां भरलेली गाडी अर्ध्या वाटेवरून परत आणली. आणि पुढच्या आठवड्यांत भाव आणखी उतरले, तेव्हांपासून आलेखाखालीं 'हा अंदाज नव्हे' अशी ओळ तो घालूं लागला आहे. हें वाक्य पहिल्या आवेदनांत कोठेंच नव्हतें. अधिकारी कोण तेंही त्यानें आतां स्वच्छ लिहिलें आहे. फक्त मिनिटांची बेरीज चाळीस होते, आणि कोणतीं दहा काढावीं तें त्याचें त्यानेंच ठरवावें म्हणून ती आज त्यास लिहिणार आहे.